विद्युत आउटबोर्ड मोटर : हलक्या होडीसाठी मोटर व पंख्याची निवड

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायची, काढता-घालता येणारी आणि बॅटरीवर चालणारी मोटर. कनू, कयाक, हवा भरायच्या रबरी होड्या आणि चार-पाच मीटरच्या फायबर डिंग्यांवर ती वापरतात. पेट्रोलच्या आउटबोर्डपेक्षा ती वयाने मोठी आहे. गुस्ताव्ह त्रूवे याने १८८१ मध्ये पॅरिसला सेन नदीत सुकाणूवरच मोटर बसवून होडी चालवली होती. ओले एव्हिनरूडचे पेट्रोल इंजिन आले ते १९०९ च्या सुमारास. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेतील फार्गो येथे मिन कोटाने हौशी गळकऱ्यांसाठी संथ चालणाऱ्या विद्युत मोटरी काढल्या. २००५ मध्ये जर्मनीत स्थापन झालेल्या टॉर्कीडोने हलक्या प्रवासी होडीसाठी मोटर, पंखा आणि लिथियम बॅटरी यांचा मेळ घातला.

निवडीची सुरुवात मोटरपासून न करता होडीच्या लांबीपासून करावी. पाणी कापत जाणारी होडी आपल्याच लाटेत अडकते. तिची ही मर्यादा ताशी किलोमीटरमध्ये काढायची तर पाणरेषेवरील लांबीच्या (मीटर) वर्गमूळाला साधारण ४.५ ने गुणावे. चार मीटरच्या होडीला ती ताशी ९ किमी पडते. अरुंद, निमुळती कनू हा नियम थोडा वाकवते. रुंद डिंगी त्याच्या अलीकडेच अडखळते. मर्यादेजवळ पोहोचल्यावर दुप्पट शक्ती दिली तरी वेग जेमतेम वाढतो, लाट मात्र मोठी होते. होडी पाण्यावर उचलून घसरवायची असेल तर हिशेब काही किलोवॉटचा होतो आणि त्या वजनाच्या बॅटऱ्या घेतल्यावर होडी हलकी राहत नाही.

खरेदीदाराची सर्वाधिक दिशाभूल होते ती पौंडातील रेट्याच्या आकड्याने. ५५ पौंड, म्हणजे सुमारे २४५ न्यूटन, हा रेटा होडी खुंट्याला बांधलेली असताना मोजलेला असतो. होडी धावू लागली की तो घटतो. बारा व्होल्टवर ५० अँपिअर घेणारी अशी मोटर बॅटरीतून ६०० वॉट ओढते. त्यातले होडी पुढे ढकलायला किती उरतात हे त्या आकड्यावरून कळत नाही. टॉर्कीडोच्या पंख्यांची नावे अधिक प्रामाणिक वाटतात : ‘व्ही १० / पी ११००’ म्हणजे ताशी १० किमी वेगासाठी व ११०० वॉटसाठी बेतलेला पंखा.

पंख्याची दोन मापे महत्त्वाची, व्यास आणि पिच. लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकेल, ते अंतर म्हणजे पिच. १५ सेंमी पिचचा पंखा मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर कागदावरचा वेग ताशी ९ किमी. पाणी निसटत असल्याने प्रत्यक्षात त्यातला पाव ते तिसरा हिस्सा सहज वजा होतो. व्यासाबाबत सिद्धांत स्पष्ट आहे : थोडे पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू ढकलणे स्वस्त पडते. सेकंदाला २ मीटर वेगाने जाणाऱ्या होडीला १०० न्यूटन रेटा हवा असेल, तर १५ सेंमी व्यासाच्या पंख्याची आदर्श कार्यक्षमता सुमारे ६८ टक्के येते, २५ सेंमीच्या पंख्याची सुमारे ८३ टक्के. पात्यांचे घर्षण धरल्यावर दोन्ही आकडे खाली येतात. छोटा, गरगर फिरणारा पंखा दिसायला चपळ असतो, इतकेच.

पेट्रोल इंजिनाला जड पंखा लावला तर ते गुदमरते. विद्युत मोटर तक्रार न करता जास्त प्रवाह ओढत राहते आणि तापते. नियंत्रक असेल तर तो शक्ती छाटतो. म्हणून नवा पंखा लावल्यावर नेहमीचे वजन घेऊन, खुल्या पाण्यात पूर्ण वेगाने जाताना अँपिअर पाहावेत. प्रवाह नेमून दिलेल्या मर्यादेवर गेला तर पिच किंवा व्यास कमी करावा. मर्यादेच्या बराच खाली राहिला आणि फेरे मात्र कमाल झाले, तर पिच वाढवायला जागा आहे. बांधलेल्या होडीवर ही चाचणी करू नये, कारण तिथे प्रवाह नेहमीच चढा दिसतो.

लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनात वाढते. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम लोहफॉस्फेट बॅटरीत १२८० वॉट-तास मावतात. ६०० वॉटवर होडी ताशी ८ किमी जात असेल, तर १७ किमीनंतर बॅटरी रिकामी. १५० वॉटवर वेग ताशी ५ किमी, पण पल्ला ४२ किमीच्या आसपास. वारा समोरचा असेल तर यातले बरेच कापून ठेवावे. याच क्षमतेची शिसे-आम्ल बॅटरी सुमारे ३० किलोची, लिथियमची साधारण १२ किलोची. शिवाय शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते. बॅटरी नाळेकडे ठेवावी, कारण मोटर आणि माणूस दोघेही मागे असतात. मात्र लांबलेल्या तारांना जाडी हवी : जाऊन-येऊन सहा मीटर, ६ चौरस मिमीची तांब्याची तार ५० अँपिअरवर सुमारे ४४ वॉट खाते, १६ चौरस मिमीची १६ वॉट. फ्यूज बॅटरीजवळच असावा.

दांड्याची प्रचलित मापे ३८ व ५१ सेंमी. पंखा पुरेसा बुडाला नाही तर तो हवा ओढतो आणि रेटा तुटतो. जलपर्णी माजलेल्या पाण्यात मागे झुकलेल्या दोन पात्यांचा पंखा तीन पात्यांच्या पंख्यापेक्षा कमी गुरफटतो. खाडीत वापरायची मोटर खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली, जस्ताचा क्षरणरोधक तुकडा बसवलेली घ्यावी आणि परतल्यावर गोड्या पाण्याने धुवावी.