सरहद्दीवरच्या अदालतीची वाटचाल

1948च्या आधी सोलापूरच्या न्यायालयाच्या लेखी धाराशिवची अदालत परदेशी होती. तुळजापूरहून सोलापूर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. देवीचे भक्त, कापडाचे व्यापारी, बार्शीच्या बाजाराला निघालेल्या गाड्या रोज ये-जा करत. पण मध्ये निजामाचे हैदराबाद आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांची सरहद्द होती. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार ब्रिटिश हद्दीबाहेरचे न्यायालय ते परदेशी न्यायालय. सरकारने खास अधिसूचना काढून सवलत दिली नसेल, तर संस्थानी हुकूमनाम्याच्या जोरावर पलीकडे थेट वसुली होत नसे. त्या निकालाच्या आधारे नवा दावा लावावा लागे.

या भागाने राज्यकर्ते पुष्कळ पाहिले. 1853च्या तहाने नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख वऱ्हाडासोबत इंग्रजांकडे गेला आणि 1860मध्ये निजामाकडे परत आला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सुधारणांत जिल्हे आखले गेले, न्यायखात्याची घडी बसली. जिल्ह्याचे ठाणे आधी नळदुर्गला होते, ते पुढे धाराशिवला आले. 1921च्या सुमारास हैदराबादेत न्यायखाते महसुली अंमलापासून वेगळे झाले. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा ही मागणी नुसती ठरावांतून मांडली जात होती, हे विसरता कामा नये. अर्थात कामकाज उर्दूत चाले. मराठी कुळाला आपल्याच दाव्यात काय लिहिले आहे, हे वकिलाकडून समजून घ्यावे लागे.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत आल्या आणि 17 तारखेला हैदराबादने शरणागती पत्करली. इथल्या अदालतीचा परकेपणा त्यानंतर टप्प्याटप्प्याने संपला. 1 एप्रिल 1951पासून भारताची दिवाणी प्रक्रिया संहिता हैदराबादला लागू झाली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि जिल्ह्याची अपिले मुंबई उच्च न्यायालयाकडे जाऊ लागली. 1981पासून त्यांची सुनावणी औरंगाबाद खंडपीठात होऊ लागली. पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचला. माझ्या मते या साऱ्या वाटचालीतला गोरगरिबांच्या सर्वांत उपयोगी पडलेला टप्पा तोच.

याच सत्तांतराने एक दावा मात्र थेट लंडनला नेला. शरणागतीनंतर अवघ्या तीन दिवसांनी, 20 सप्टेंबर 1948 रोजी, वेस्टमिन्स्टर बँकेतल्या हैदराबादच्या खात्यातून 10,07,940 पौंड आणि 9 शिलिंग पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब रहिमतुल्ला यांच्या नावावर वळवले गेले. संस्थानच्या तिजोरीत धाराशिवच्या कुळांचा साराही जमा होत असे. म्हणून हे प्रकरण आपल्याला लांबचे वाटू नये. ही रक्कम आपल्या परवानगीविना हलवली, असे निजामाने आठवडाभरातच कळवले. बँकेने पैसे कोणालाच दिले नाहीत.

1954मध्ये निजामाने दावा लावला. पैसे पाकिस्तानच्या प्रतिनिधीच्या नावावर आहेत. दावा चालवला तर एका सार्वभौम राज्याला त्याच्या इच्छेविरुद्ध न्यायालयात खेचल्यासारखे होईल, असा आक्षेप आला. न्या. अपजॉन यांनी तो मान्य करून काम थांबवले, अपिलात हा हुकूम फिरला आणि 1957मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पुन्हा स्थगिती दिली. लॉर्ड डेनिंग यांचेही मत स्थगितीच्याच बाजूने पडले, पण त्यांनी कारण वेगळे दिले: प्रतिवादी कोण एवढेच पाहू नये, वाद कशाबद्दल आहे तेही पाहावे.

पैसा कोणाचा, हे त्या निकालाने ठरवलेच नाही. रक्कम बँकेत व्याजाने वाढत राहिली. 1967मध्ये निजाम मीर उस्मान अली खान वारले, तरी दावा मेला नाही. 2013मध्ये पाकिस्तान स्वतःच त्या पैशासाठी न्यायालयात गेला आणि तिथेच त्याचे सार्वभौमत्वाचे कवच गळून पडले. माघार घेऊ पाहिली, ती 2015मध्ये न्यायालयाने नाकारली. दोन राज्यांमधले व्यवहार न्यायालयाने तपासू नयेत, हा युक्तिवादही टिकला नाही. 2 ऑक्टोबर 2019 रोजी न्या. मार्कस स्मिथ यांनी निजामाचा हक्क मान्य केला. भारत सरकार आणि निजामाचे नातू यांनी आपसात तडजोड केलेली होती. तोवर रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही परकीय राज्यावरच्या दाव्याला असे बंधन आहे. कलम 86प्रमाणे परकीय राज्यावर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी संमती लागते. कलम 87-ब ने जुन्या संस्थानिकांनाही तेच कवच दिले. परदेशात तोच दावा पडून आहे एवढ्यावरून मात्र इथले काम अडत नाही. कलम 10चे स्पष्टीकरण तसे सांगते.

कोर्टाच्या आवारात ‘स्टे मिळाला’ म्हणून पेढे वाटणारे आणि ‘स्टे लागला’ म्हणून खचणारे, दोघांनीही हा दावा लक्षात ठेवावा. स्थगिती हा निकाल नव्हे. न्यायालय परकीय सत्तेपुढे हात आवरते, तेव्हा हक्क बुडत नाही. तो टिकवण्यासाठी कागद मात्र सांभाळावे लागतात. लंडनचा निकाल सत्तर वर्षांनी लागला तो जुन्या तारा, पत्रे आणि बँकेच्या नोंदींवर. धाराशिव, नळदुर्ग आणि तालुक्यांच्या न्यायालयांतले उर्दू दप्तर वाचून, मराठीत आणून जतन करणे हे म्हणूनच आजच्या न्यायव्यवस्थेचे काम आहे. ते वाचू शकणारी माणसे आहेत तोवरच ते व्हायला हवे.