दारापर्यंत काचेचं फायबर, घरात प्लॅस्टिकचं: हे काय प्रकरण आहे?

सोलापूर-विजयपूर रस्त्यावरच्या मंद्रूपसारख्या गावात इंटरनेट येतं ते काचेच्या ऑप्टिकल फायबरमधून. अडचण त्यापुढे सुरू होते. राउटर असलेल्या खोलीत व्हिडिओ सुसाट आणि मागच्या खोलीत चक्र फिरत राहतं. या भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, जाडजूड. वाय-फायचा सिग्नल त्यांत जिरतो. मग आतपर्यंत केबल ओढावी लागते. बहुतेक जण तांब्याची कॅट-6 केबल घेतात. दुसरा, फारसा माहीत नसलेला पर्याय म्हणजे प्लॅस्टिक ऑप्टिकल फायबर.

फरक काय?

लांब पल्ल्याच्या काचेच्या फायबरमध्ये प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. तो जोडायला खास यंत्र आणि शिकलेला माणूस लागतो. प्लॅस्टिकचं फायबर साधारण 1 मिलिमीटर जाड असतं आणि अ‍ॅक्रिलिकच्याच जातीच्या प्लॅस्टिकचं बनतं. धारदार पात्यानं सरळ कापायचं आणि खाचेत बसवायचं. त्यातला प्रकाश लाल, डोळ्यांना दिसणारा. दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसला, की केबल तुटलेली नाही हे कळतं.

मग सगळीकडे हेच का नाही? कारण प्लॅस्टिक प्रकाश गिळतं. चांगल्या काचेत निम्मा प्रकाश उरायला सुमारे 15 किलोमीटर जावं लागतं. प्लॅस्टिकमध्ये 15-20 मीटरलाच तो निम्मा होतो. 2017 च्या आयईईई 802.3बीव्ही मानकानुसार त्यातून 1 गिगाबिट वेग मिळतो, पण फार तर 50 मीटरपर्यंत. घराला तेवढं पुरतं.

खरा फायदा विजेच्या बाबतीत आहे. तांब्याची नेटवर्क केबल विजेच्या तारांसोबत एकाच पाइपमधून नेऊ नये. आवरण घासलं तर करंट थेट उपकरणात येऊ शकतो. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, त्यामुळे भिंत न फोडता जुन्याच पाइपमधून ते ओढता येतं. वळवाच्या पावसात वीज पडली, तर या केबलमधून झटका दुसऱ्या उपकरणाकडे जात नाही. प्लगमधून येणारा झटका मात्र ती थांबवत नाही.

तोटेही आहेत. दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लागतो आणि त्याला वीज लागते. या केबलमधून सीसीटीव्ही कॅमेऱ्याला वीजपुरवठा करता येत नाही. कॅट-6 ते काम करते. उष्णतेचंही पाहावं लागतं: साधी प्लॅस्टिक फायबर केबल 70 ते 85 अंशांपर्यंतच टिकते. सोलापूरच्या उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याला चिकटवून ती नेऊ नये.

नवं बांधकाम असेल, तर नेटवर्कसाठी वेगळा पाइप टाकून कॅट-6 ओढणंच स्वस्त आणि सोयीचं. प्लॅस्टिक फायबर शोभतं ते भिंत फोडायची नसलेल्या जुन्या घरात. मागवण्याआधी मेन स्विच बंद करून वायरमनकडून एवढं पाहून घ्यावं, की पाइपमध्ये आणखी एक केबल जाईल एवढी जागा आहे का.