भेंडीवरचा केवडा : एका रोगाची शंभर वर्षं

आज आपण एका अशा रोगाचा इतिहास पाहणार आहोत, जो राजेरजवाड्यांच्या बखरीत सापडत नाही, पण भाजीवाल्या शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे. भेंडीचं पान शिरेशिरेनं पिवळं पडतं, पुढे पानभर पिवळेपणा पसरतो, फळं फिकट, निबर आणि वाकडी येतात. शेतकरी म्हणतो, ‘केवडा आला.’ कुणी हळद्या म्हणतात. नावं रंगावरून पडली. कारण मात्र डोळ्यांना दिसत नव्हतं.

या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद आपल्याच भागातली आहे. 1924 साली कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या पिकांवरच्या मोझॅक रोगांबद्दल पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या मासिकात लिहिलं, त्यात भेंडी होती. 1940 मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी रोगाला ‘यलो व्हेन मोझॅक’ हे नाव दिलं आणि तो विषाणूजन्य असल्याचं मांडलं. 1950 मध्ये कपूर व वर्मा यांचा सविस्तर अभ्यास आला. रोगट पानाचा रस निरोगी पानावर चोळला तर लागण होत नाही. कलम केलं तर होते, आणि पांढऱ्या माशीमार्फत होते.

ही माशी म्हणजे फार तर एक मिलिमीटरचा जीव. ती रोगट झाडाचा रस शोषते, विषाणू तिच्या अंगातून फिरून लाळेत येतो आणि पुढच्या झाडात उतरतो. म्हणून रोगट झाड दिसेपर्यंत माशी पुढे गेलेली असते. लागण कधी झाली यालाही फार महत्त्व आहे. 1970च्या दशकातल्या एका अभ्यासात पन्नासाव्या दिवशी लागण झालेल्या झाडांचं नुकसान सुमारे 84 टक्के, तर पासष्टाव्या दिवशीच्या लागणीत 49 टक्के आढळलं. पंधरा दिवसांचा फरक, पण शेतकऱ्याच्या हिशेबात तो हंगामाचा फरक आहे.

मग उपाय काय? आधी वाण शोधला गेला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत पश्चिम बंगालमधल्या एका भेंडीचा संकर ‘पुसा मखमली’शी करून ‘पुसा सावनी’ तयार झाली. ती देशभर गाजली. पण इथे एक मेख होती. बंगालच्या त्या भेंडीत विषाणू शिरत होता, फक्त लक्षणं दिसत नव्हती. म्हणजे घराचं दार बंद नव्हतं, चोर फक्त गप्प बसला होता. काही वर्षांतच पुसा सावनीही पिवळी पडू लागली.

पुढचं पाऊल परभणीत पडलं. मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीच्या एका नातलग जातीशी पुसा सावनीचा संकर केला, पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी मिळवला आणि निवड करत 1985 च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ दिली. प्रतिकार एका प्रभावी जनुकाकडून येतो, असं त्यांना दिसलं होतं. त्यामुळे काम सोपं झालं, पण एकाच कुलुपावर सगळा भरवसाही राहिला. पुढे याही वाणावर रोग दिसू लागला.

का? 2003 मध्ये मदुराईच्या संशोधकांनी दाखवलं की हा रोग एकट्या विषाणूचा नाही. त्याच्यासोबत डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, आणि दोघे मिळूनच खरा केवडा घडवतात. असे विषाणू आपसात तुकडे बदलतात, त्यामुळे त्यांची नवी रूपं येत राहतात. दुसरीकडे फवारणीचा अतिरेक झाला की माशीचे नैसर्गिक शत्रू मरतात. 1980च्या दशकात आंध्रच्या कापसावर पांढऱ्या माशीचा जो उद्रेक झाला, त्यात हेच घडलं होतं.

आपण यातून काय घ्यावं? प्रत्येक नव्या वाणानं शेतकऱ्याला काही वर्षांची उसंत दिली, कायमची सुटका दिली नाही. त्या उसंतीत कोवळ्या पिकाची राखण, रोगट झाड लगेच उपटणं, बांधावरची तणं काढणं आणि गरज असेल तेव्हाच फवारणी करणं, ही कामं चालू राहिली तर वाणही जास्त टिकतो. शंभर वर्षांच्या कामातून हाती आलेलं हे ज्ञान शिवारापर्यंत पोहोचायला हवं. ते काम आपल्या सगळ्यांचं आहे.