नाही म्हणणाऱ्याचे मन

कयाधूकाठचे हिंगोली एके काळी लष्कराचे ठाणे होते, हे आज जिल्ह्याच्या गावाच्या गजबजाटात सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. नावाने निजामाची, पण हुकमत इंग्रज अंमलदारांची, अशी कंटिंजंट फौज येथे १९०३ पर्यंत होती. तिचा खर्च थकला म्हणून १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. शिपाई पगारासाठी खुशीने आला असेल. पण आपला सारा फौजेवर खर्च व्हावा की नाही, हे वऱ्हाडच्या कुणब्याला कोणी विचारले नव्हते. सैन्य दोन पायांवर उभे असते: एक माणूस, दुसरा पैसा. सक्ती पहिल्यावर नसली, तरी दुसऱ्यावर असतेच.

पुढे ३ सप्टेंबर १९३९ रोजी विलायतेत सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. अठरा ते एकेचाळीस वयाचे पुरुष त्याच्या कक्षेत आले. ज्याला शस्त्र धरणे पटत नसे, त्याला न्यायमंडळापुढे उभे राहावे लागे, आणि प्रश्न एकच असे: हे तुझे तत्त्व की तुझी भीती? त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. येथल्या विधिमंडळाला त्यांनी विचारले नाही. सक्तीची भरती मात्र येथे नव्हती.

मग आपल्याकडच्या युद्धविरोधकाला विरोध करण्याचे कारण काय?

हिंगोलीहून पैनगंगा ओलांडून वऱ्हाडातून पुढे गेले की वर्धा येते. त्याजवळच्या पवनारला १७ ऑक्टोबर १९४० रोजी, कोजागरीच्या सुमारास, विनोबा भावे यांनी गांधीजींचे पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून भाषण केले. या युद्धाला माणसांनी वा पैशांनी मदत करू नये, असा त्याचा आशय होता. चार दिवसांत त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली. दुसरे सत्याग्रही नेहरू. त्यांना ऐन दिवाळीच्या दिवसांत पकडले आणि चार वर्षे सुनावली. दोघांची कारणे मात्र एक नव्हती. विनोबांना युद्धमात्र अमान्य होते. नेहरूंचा हिटलरशाहीला कडवा विरोध होता, पण गुलामांना न विचारता स्वातंत्र्याच्या नावाने लढवणे त्यांना मान्य नव्हते.

विनोबांनी तर अशा नकाराची कसोटी आधीच सांगून ठेवली होती. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. अर्जुन अहिंसेमुळे नव्हे, समोर आप्त दिसले म्हणून डगमगला, हे त्यांनी तेथे स्पष्ट केले. म्हणजे नकार तेवढा पुरेसा नाही. त्यामागचे मन पाहावे लागते. त्याच कसोटीवर आता पंचेचाळीस वर्षांच्या विनोबांना पाहा. त्यांना रणात कोणी ओढणार नव्हते, म्हणजे वाचवायचा जीव नव्हता. गप्प बसले असते तर तुरुंगही टळला असता. म्हणून त्यांच्यावर भित्रेपणाचा आरोप चिकटत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. याच काळात डॉ. आंबेडकर लष्कराची दारे उघडण्यासाठी झटत होते. पूर्वी बंद झालेली महारांची भरती पुन्हा सुरू झाली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याला गणवेशात अन्न होते आणि मानही होता. सुमारे पंचवीस लाख हिंदी शिपाई त्या युद्धात उतरले. त्यांत पोटासाठी आलेले किती आणि मनाने आलेले किती, याचा हिशेब कोण करणार?

म्हणून लढायला गेलेल्याला भाडोत्री म्हणण्याची घाई नको, आणि नाही म्हणणाऱ्याला भेकड म्हणण्याचीही नको. आधी एवढेच विचारावे: ह्या हो किंवा नाहीची किंमत त्याने स्वतः मोजली, की दुसऱ्याला मोजायला लावली? हिंगोलीच्या फौजेची किंमत वऱ्हाडच्या कुणब्याने मोजली होती. विनोबांनी आपल्या ‘नाही’ची किंमत स्वतःच मोजली.