टोमॅटो : जनुकीय सुधारणा

टोमॅटोचे उत्पादन, रोगप्रतिकार व टिकाऊपणा वाढवण्यासाठी त्याच्या जनुकांत केलेला बदल. पहिला जनुकपरावर्तित टोमॅटो, ‘फ्लेव्हर सेव्हर’, १९९४ मध्ये अमेरिकेत विकायला आला. तो उशिरा मऊ पडे, पण व्यापारात टिकला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेने २०१० मध्ये फळ पिकवणारी दोन विकरे दाबून सुमारे ४५ दिवस घट्ट राहणारी फळे मिळवली. त्याच वर्षी जालन्याच्या महिको कंपनीच्या जनुकपरावर्तित बीटी वांग्याला केंद्राने स्थगिती दिली आणि टोमॅटोचीही वाट अडली.

महाराष्ट्रात मात्र खरा तोटा रोगांमुळे होतो. पालघर जिल्ह्यातील चिंचणीसारख्या दमट किनारपट्टीत जिवाणूजन्य मर रोगाने हिरवेगार झाड एकाएकी माना टाकते. खोड कापून पाण्यात धरले की पांढरट धागे सुटतात. नारायणगाव-संगमनेर पट्ट्यात २०२० मध्ये फळांवर रंगीत चट्टे पाडणारा ‘तिरंगा’ रोग विषाणूंचा निघाला. ‘अर्का रक्षक’ हा बंगळूरचा संकरित वाण मर, पर्णगुच्छ व करपा या तिन्हींना तोंड देतो, आणि तो परक्या जनुकाविना, साध्या संकरातून घडला आहे. २०२२ मध्ये केंद्राने परके जनुक नसलेल्या जनुकसंपादित वनस्पतींना कडक नियमांतून सूट दिल्याने संशोधनाचा कल आता तिकडे आहे.