नोंदीबाहेरचा आजार

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे गाव आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या जमिनीची, पीकपाण्याची, दुष्काळाची आणि कर्जाची नोंद सरकारी दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या होत आली. नैराश्याच्या आजाराला मात्र त्या दप्तरात रकाना नव्हता. आजारच नव्हता म्हणून नोंद नाही, असा अर्थ काही जण काढतात. माझे म्हणणे उलट आहे: व्यवस्थेची घडणच अशी होती की हा आजार तिच्या नजरेला पडू नये.

संस्थानी काळात हैदराबाद राज्याचे मनोरुग्णालय जालन्याला होते. पन्नाशीच्या दशकात ते हैदराबादेत एर्रागड्ड्याला गेले. पुढे महाराष्ट्राच्या वाट्याला नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी ही चार मोठी मनोरुग्णालये आली. त्यांतले एकही मराठवाड्यात नव्हते. पण प्रश्न केवळ अंतराचा नव्हता. ब्रिटिशांनी १९१२ मध्ये केलेला वेड्यांसंबंधीचा कायदा १९८७ चा कायदा अमलात येईपर्यंत टिकला, आणि त्याचा सारा भर दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने कोणाला कोंडायचे यावर होता. आरडाओरडा करणारा, रानोमाळ भटकणारा माणूस या यंत्रणेला दिसे. पहाटेच जाग येऊन आढ्याकडे बघत पडणारा, पेरणीच्या तोंडावरही घराबाहेर न निघणारा शेतकरी तिला दिसत नसे. अशा माणसाला घरचे आळशी म्हणत, नाहीतर बाहेरची बाधा समजून देवस्थानात किंवा दर्ग्यात नेत.

यावर पहिला आक्षेप असा की हे शहरातले, पाश्चात्त्यांकडून आलेले खूळ आहे. पण रोग वाढवणाऱ्या गोष्टींत चरकसंहिता विषादाला अग्रस्थान देते. खेड्यातला रुग्ण ‘मी निराश आहे’ असे क्वचितच म्हणतो. झोप लागत नाही, डोके जड आहे, अंगात त्राण नाही, अन्न गोड लागत नाही, कशात जीव रमत नाही, अशी त्याची तक्रार असते. निदानाच्या कसोट्याही याच आहेत. सततची उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे यांपैकी किमान एक लक्षण, आणि त्यासह झोप, भूक, थकवा, मंदावलेल्या किंवा अस्वस्थ हालचाली, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार अशा एकूण नऊ लक्षणांपैकी पाच किमान दोन आठवडे टिकून रोजचे जगणे अडू लागले, तर डॉक्टर नैराश्याचे निदान करतात. थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय असेल तर तो आधी तपासून पाहावा लागतो. रक्ताची एकच निर्णायक चाचणी नाही, एवढ्यावरून हा आजार खोटा ठरत नाही. अर्धशिशीचे निदानही लक्षणांवरूनच होते.

मेंदूतल्या बदलांच्या शोधात मुंबईचाही एक धागा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम जगासमोर मांडला. तिच्यातल्या रेसर्पीनने काही रुग्ण उदास झाल्याचे पुढे डॉक्टरांनी नोंदवले, आणि हे द्रव्य मेंदूतली सेरोटोनिन, नॉरएड्रेनलिन यांसारखी रसायने घटवते हे कळल्यावर नैराश्याचा रासायनिक सिद्धान्त उभा राहिला. आज तो अपुरा मानला जातो. औषधाने रसायनांत लवकर फरक पडतो, पण मन सावरायला काही आठवडे लागतात. म्हणून आता संशोधक दीर्घ ताण, कॉर्टिसॉल हे संप्रेरक, चेतापेशींची जुळणी आणि आनुवंशिकता यांचा एकत्र विचार करतात.

याच ठिकाणी दुसऱ्या, अधिक गंभीर आक्षेपाला उत्तर मिळते. कर्ज आणि नापिकीला आजार म्हटले तर सरकारची जबाबदारी झाकली जाते, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांना वाटते, आणि ती रास्त आहे. मात्र ताण शरीरात उतरून मेंदूवर परिणाम करतो, हे मान्य केले की कर्ज आणि आजार हे दोन वेगळे पर्याय उरत नाहीत. पहिले दुसऱ्याचे एक कारण ठरते. आपली कागदपत्रे मात्र हे जोडत नाहीत. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत देताना सातबारा, थकबाकी आणि वसुलीचा तगादा तपासून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरते. माणूस किती महिने झोपला नव्हता आणि त्याला कोणी डॉक्टरकडे नेले होते का, हे त्या पात्रतेत मोजले जात नाही. कर्जमुक्ती आणि हमीभाव हवाच. त्यासोबत उपचारही हवा.

तो गावात पोहोचू शकतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पिंगळीसारख्या गावांनाही हेच हवे: झोप आणि भूक यांची आपुलकीने चौकशी करणारी आशाताई, औषध व समुपदेशन देणारे जवळचे आरोग्य केंद्र, आणि ‘मन घट्ट कर’ म्हणण्याऐवजी सोबत दवाखान्यात येणारा शेजारी. घरातले कोणी दोन आठवडे असे मिटून बसले असेल तर वाट पाहू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. हा आजार बरा होऊ शकतो.