दोन वशिंडांचा उंट

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. खरं तर मामा गेले तेव्हाच लिहायला हवं होतं, पण तेव्हा हातात पुरावा नव्हता.

मामा फौजेत ड्रायव्हर होते. १९७८ च्या सुमारास त्यांची बदली लडाखला झाली. सुट्टीवर रिसोडला आले की रात्री अंगणात खाटेवर बसून तिकडचं सांगायचे. बर्फ, गोठलेलं डिझेल, सगळं लोक कौतुकानं ऐकायचे. एकदा म्हणाले, तिथं वाळूच्या टेकड्या आहेत, मागे बर्फाचे डोंगर, आणि त्या वाळूत दोन वशिंडांचे उंट चरतात. झालं! अख्खी आळी हसली. उंट आम्हाला अनोळखी नव्हता हो. कच्छचे राबारी मेंढरं घेऊन आमच्या भागात येतात, त्यांचे उंट शिवारात दिसतात, आणि त्यांना वशिंड एकच. "फौजेत रम लय भेटते वाटते," असं कोणीतरी म्हणालं. पुढे मामांनी काहीही सांगितलं की पोरं "दोन वशिंडं, दोन वशिंडं" ओरडायची. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. हळूहळू मामांनी लडाखचं नाव काढणं सोडलं.

गेल्या वर्षी जुलैत लेहला गेलो आणि नुब्रासाठी फोर-व्हील ड्राइव्हची स्कॉर्पिओ ठरवली. लेहला वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटर. आमच्याकडे एखाद्या दांडग्या रात्रीतच तेवढा होतो! त्यामुळे लडाखची डोंगररांग म्हणजे उभं केलेलं वाळवंटच. झाड नाही, झुडूप नाही. लेहपासून खारदुंग ला ३९ किलोमीटर. खिंडीच्या अलीकडे डांबर उखडलेलं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं, तेव्हा ड्रायव्हरने चारही चाकांना जोर दिला. (या खिंडीची उंची १८,३८० फूट म्हणून मिरवली जाते. खरी आहे सुमारे १७,५८२. तीही डोकं धरायला पुरेशी आहे.) हा रस्ता १९७६ मध्ये झाला, सर्वसामान्यांच्या गाड्यांना १९८८ मध्ये खुला झाला. म्हणजे इथं ट्रक चालवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांत आमचे मामा.

रस्ता नवा असला तरी वाट मात्र फार जुनी. लेहहून खारदुंग ला ओलांडून नुब्रात उतरायचं, मग सासेर ला, देपसांगचं पठार आणि पुढे ५,५४० मीटरवरची काराकोरम खिंड. तिच्यापलीकडे यारकंद. काराकोरम म्हणजे तुर्की भाषेत काळी खडी. रिसोडच्या माणसाला हे नाव आपलंच वाटावं! इकडून कापड, मसाले, नीळ जायची. तिकडून रेशीम, गालिचे, नमदे आणि चरसही यायचा, तोही उघडपणे, सरकारी कर भरून. होशियारपूरच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या यारकंदला होत्या. १८७० मध्ये महाराजा रणबीरसिंह आणि इंग्रज सरकार यांच्यात करार होऊन या वाटेवरची जकात माफ झाली. पण जकात माफ झाली म्हणून डोंगर थोडेच माफ करतात? इतकी घोडी-खेचरं वाटेत मरायची की प्रवासी हाडांच्या माळेवरून रस्ता ओळखत. तिथे टिकणारं जनावर म्हणजे मध्य आशियातला दोन वशिंडांचा उंट.

१९४९ मध्ये पलीकडच्या शिंजियांगवर चिनी कम्युनिस्टांचा ताबा आला आणि ही शेकडो वर्षांची ये-जा थांबली. लेहमध्ये अडकलेले काही व्यापारी तिथलेच झाले. उंटही मागे राहिले. ओझं नाही, तांडा नाही, म्हणून नुब्राच्या वाळूत मोकळे सुटले, झुडपं खात वाढले. पुढे १९९४ मध्ये नुब्रा पर्यटकांना खुलं झालं आणि त्यांच्या पाठीवर पुन्हा माणसं बसू लागली.

मामा तिथं होते तेव्हा हे उंट असेच बिनकामाचे फिरत असणार.

हुंडरला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. ओढ्याकाठी सात-आठ उंट बसले होते. मी बसलो नाही त्यांच्यावर. नुसता बघत राहिलो, आणि खरं सांगायचं तर वशिंडं मोजली. दोनदा.

रिसोडला आल्यावर मामींना फोटो दाखवला. बराच वेळ मोबाइल हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "ह्याचे केस कुठी गेले? ते तं म्हनत, घोंगडं पांघरल्यावानी दिसते."

"ते हिवाळ्यात, मामी. उन्हाळ्यात झडतात."

केसांचं मामांनी आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.